धुराड्यावरची बादली

कुइक्का बेट,
रविवार, १३ ऑक्टोबर १९७४

प्रिय दादा,

तुझी पाठ आता बरी असेल आणि तिकडे गोथेनबर्गला अजून लोकरीचे हातमोजे घालायची वेळ आली नसेल, असं धरून चालते. इथे सकाळी गवतावर पांढरं पडायला लागलं आहे. आम्ही दोघी खुशाल आहोत. ही ओळ मी रीत म्हणून लिहिलेली नाही. आई आत्ता माझ्यासमोर काळ्या पावाचं पीठ मळते आहे आणि मळता मळता गुणगुणते आहे. आईला गुणगुणताना तू शेवटचं कधी ऐकलंस, जरा आठवून बघ.

तुझं पत्र मी शिकवते त्या शाळेच्या पत्त्यावर मिळालं. त्यात तू एकच गोष्ट विचारली आहेस. बेटावरचं घर हिवाळ्यासाठी नीट बंद केलं का, आणि सोमवारी किल्ली घर विकत घेणाऱ्या दंतवैद्यांच्या हातात पडणार ना. याचं उत्तर मी देणार आहे. पण क्रमाने सांगितलं नाही तर तुला पटणार नाही, आणि तुला पटणं फार गरजेचं आहे. बाबांनी जाताना या घरात तुझाही वाटा ठेवला आहे, हे मी विसरलेली नाही.

उन्हाळ्यात तू फोनवर बोललास तेही विसरले नाही. आई एकटी, चहूकडे पाणी, वल्ही मारायचं वय राहिलेलं नाही. एखाद्या दिवशी वाऱ्यात होडी उलटेल आणि आपल्याला कळायचंसुद्धा नाही. तुझं काही चुकलं नव्हतं. मला राग आला तो आईचा, कारण ती लगेच हो म्हणाली. मी किती बोलले होते तेव्हा. लाकडाच्या गिरणीतल्या कामगारांच्या मुलांसाठी इथे उन्हाळी वाचनघर काढू, बाबांनी गिरणीतून आणलेल्या फळ्यांचे कप्पे करू, आई मुलांना पोहायला शिकवेल. आई म्हणाली, "मुलांना पोहता येतं गं, तुलाच नीट येत नाही." तिथे विषय संपला आणि घर विकायचं ठरलं.

म्हणून शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी निघालो. घर शेवटचं बंद करायला.

बसमध्ये मी चर्चच्या थांब्याची वाट बघत बसले होते. आपण नेहमी तिथेच उतरायचो ना. बाबा आपल्याला तिथून अख्खं तळं वल्हवत नेत, तुझ्या तळहाताला फोड यायचे आणि तू बाबांच्या पाठीमागे तोंडं वेडीवाकडी करायचास. जवळचा धक्का होता, अगदी बेटाच्या समोर, पण तो 'पलीकडच्या'चा. बाबांनी त्या माणसाचं नाव आपल्या घरात कधी उच्चारलंच नाही. खडकाजवळच्या पाण्यात जाळी कुणी टाकायची यावरून दोघांचं बिनसलं, आणि तेव्हापासून तो माणूस 'पलीकडचा' झाला. त्याचा धक्का, त्याचा कुत्रा, त्याच्या बाजूने येणारा वारासुद्धा पलीकडचा.

तर शुक्रवारी आई एक थांबा आधीच उतरली. पिशवी खांद्याला लावली आणि सरळ त्या धक्क्याकडे चालायला लागली. आपली होडी तिथेच बांधलेली होती.

"इथून जवळ पडतं," आई म्हणाली.

मी म्हटलं, जवळ तर आधीही पडत होतं. "हो ना," ती म्हणाली आणि वल्ह्यांवर बसली.

बेटावर आलो तर लाकडाची कोठी छपरापर्यंत भरलेली. बर्चची लाकडं, बारीक फोडलेली, साली एका बाजूला करून रचलेली. मी विचारलं, विकायच्या घराला एवढी लाकडं कशाला? आई म्हणाली, दंतवैद्याला थंडी वाजेल. मला ते खरं वाटलं. दादा, मी घरातली पहिली पदवीधर. जे समोर येईल त्यावर प्रश्न विचारायचा, असं चार वर्षं वर्गात शिकले. पण आपली आई काही लपवत असेल, असा प्रश्न पडायला वेगळं शिक्षण लागत असावं.

शनिवारी सकाळपासून कामाला लागलो. गाद्या उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून तुळईला बांधलेल्या तारेवर टाकल्या. मुरंब्याच्या बरण्या, बटाटे, शाईची दौत, थंडीत फुटेल ते सगळं खोक्यात भरलं. पंपातलं पाणी काढून टाकलं. आपला छोटा धक्का दोर लावून, फळी फळी करून किनाऱ्यावर ओढला, नाहीतर बर्फ त्याचा चुरा करतो. मोठी होडी ओंडक्यांवर पालथी घातली, परत जायला छोटी तेवढी पाण्यात ठेवली. खिडक्यांना झापडं लावली.

आईचं मात्र कामात लक्ष नव्हतं. कॉफीची किटली तिने खोक्यात ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. झापड लावून झाल्यावर ती आतून तीच खिडकी पुसत बसली. मला वाटलं बाबांची आठवण येते आहे. म्हणून मी तिला समजावलं की माणूस वस्तूंमध्ये नसतो, आपण त्याला आपल्या वागण्यातून जिवंत ठेवायचं असतं, आणि असंच पुष्कळ. तिने सगळं ऐकून घेतलं.

"छान बोलतेस," ती म्हणाली. "आता वर चढ. माझा गुडघा शिडी चढू देत नाही."

धुराड्यांचं काम बाबांचं होतं, तुला माहीत आहे. सगळ्यात शेवटी, सौनातली शेवटची वाफेची अंघोळ होऊन चूल पार निवल्यावर, ते शिडी लावायचे आणि प्रत्येक धुराड्यावर जुनी बादली पालथी घालून वर दगड ठेवायचे. बर्फ आत जात नाही, पक्षी घरटं करत नाहीत. मी विचार केला, शिडी लावलीच आहे तर दोन्ही धुराडी एकदमच उरकावीत. आधी घराचं, मग खाली किनाऱ्यावर सौनाचं. सौनाच्या छपरावरून मला आई तळ्यातून पाणी नेताना दिसत होती. वाटलं, बाकं धुवायला नेते आहे.

बादली घालून, दगड ठेवून मी खाली उतरत होते तेव्हा वास आला. बघते तर सौनाच्या फटीफटीतून धूर. दारातून, छपराखालून, खिडकीच्या चौकटीतून, नाही तो फक्त धुराड्यातून. आईने शेवटची सौना पेटवली होती. घर बंद करण्याआधीची ती सौना आपल्याकडे कधी चुकलेली नाही. मला ते माहीत होतं, आणि तरीही चूल पेटायच्या आत मी तिच्यावर झाकण ठेवून मोकळी झाले होते.

आई खोकत बाहेर आली. तोंड काळं, डोळे लाल, हातात सौनात अंगावर मारायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी. तिने छपराकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, मग शिडीवर अर्ध्यात थांबलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"हिल्का," ती म्हणाली, "तुमच्या विद्यापीठात धूर वर जातो की खाली?"

मी पुन्हा वर चढले. बादलीला हात घालते तर पलीकडच्या किनाऱ्यावरून एक होडी सुटलेली दिसली. इतक्या जोरात वल्हवताना मी इथे कुणाला पाहिलेलं नाही. तो माणूस दर दोन हात मारले की मान वळवून धुराकडे बघत होता आणि ओरडत होता.

"आउने! आउने, आत आहेस का गं?"

आईला कुणी नावाने हाक मारलेली मी किती दिवसांनी ऐकली, कोण जाणे. बाबासुद्धा 'अगं'च म्हणायचे. मी छपरावर बादली हातात धरून उभी, आणि आई खाली आपल्या काळ्या तोंडाने पाण्याकडे धावत, "आर्मास, थांब, थांब, धक्का काढलाय," म्हणत. पण त्याचं लक्ष धुराकडे. होडी किनाऱ्याला लागायच्या आत तो सवयीने उठला, सवयीने उजवा पाय बाहेर टाकला, जिथे आपल्या धक्क्याचं टोक असतं बरोबर तिथे, आणि छातीपर्यंत पाण्यात गेला.

दादा, त्या एका पावलाने मला सगळं सांगितलं. ज्याने त्या धक्क्यावर शंभरदा पाय ठेवलेला नसेल तो डोळे मिटल्यासारखा तिथे उतरणार नाही.

आता हा माणूस कोण, ते तुला कळलंच आहे. तो पलीकडचा. त्याचं नाव आर्मास. आयुष्यभर त्याने लाकडाचे तराफे तळ्यातून गिरणीपर्यंत पोचवले, आता निवृत्त आहे, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. पत्र फाडू नकोस. अजून थोडं आहे.

तो पाण्यातून बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगात राखाडी स्वेटर होता, बाह्यांवर पांढरी नक्षी असलेला. तोच. वसंत ऋतूभर आई जो विणत होती आणि मी विचारलं की म्हणायची, रेइनोसाठी आहे. तुला मी दोनदा लिहिलंही होतं की तुझा स्वेटर येतो आहे म्हणून. तो तुझा नव्हता रे.

आईने त्याला घरात नेलं, बाबांची जुनी पँट काढून दिली. तो ती घेईना. "तौनोने आपलं पाणी मला दिलं नाही, पँट कशी देईल?" तो म्हणाला. शेवटी तो आपल्या विणलेल्या सतरंजीत गुंडाळून स्टोव्हपाशी बसला, मी घराच्या धुराड्यावरचीही बादली काढून आले आणि आईने खोक्यातून किटली तिसऱ्यांदा बाहेर काढली. इतक्या लाजलेल्या तिघांनी कॉफी पिताना तू कधी पाहिलं नसशील. मला तर त्याच्याकडे बघवेना आणि आईला माझ्याकडे.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं की त्यांनी धावत येण्याची तसदी घेतली, पण सोमवारनंतर हे सगळं दंतवैद्यांनाच बघावं लागेल.

आर्मासने कप खाली ठेवला. त्याने आईकडे पाहिलं. आई स्टोव्हच्या दाराकडे बघत होती. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, दादा. आईने त्याला घर विकतोय हे सांगितलंच नव्हतं. मग तो म्हणाला, "म्हणजे लाकडं मी दंतवैद्यासाठी फोडली."

तेव्हा आई बोलली. मी तिचेच शब्द लिहिते, कारण ते तू तिच्याच तोंडून ऐकायला हवे होतेस. "मला घर विकायचं नव्हतं, आर्मास. मला मुलांना सांगायचं नव्हतं. रेइनोचा फोन आला आणि मला वाटलं, बरं झालं. घरच गेलं की सांगायला काही उरणार नाही."

"आणि मला?" त्याने विचारलं.

"तुला पत्र टाकणार होते."

"समोरच्या किनाऱ्यावर?"

आई हसली नाही. तुला सांगते, वर्षभर मी मैत्रिणींना पानंच्या पानं लिहिली आहेत की प्रत्येक बाईला आपल्या आयुष्याचा निर्णय घेण्याचा हक्क आहे, मग तिचं वय काहीही असो. ती सगळी वाक्यं मला पाठ आहेत. त्या वेळी एकही उच्चारवेना. मी एवढंच म्हटलं, "आई, सौना वाया जाईल."

आधी आर्मास हसला, सतरंजीच्या आतून, मग आई. ती अशी हसायला लागली की तिच्या गालांवरच्या काजळीतून पाण्याच्या रेघा ओढल्या गेल्या, आणि मला कळेना हसते आहे की रडते आहे. तिला स्वतःलाही कळत नसावं.

धूर निघून गेल्यावर आम्ही दोघी आधी सौनात गेलो, मग तो. भिंती काळ्या झाल्या आहेत, पण आई म्हणते आजोबांच्या काळी सगळ्याच अशा असायच्या. वरच्या बाकावर अंधारात बसून तिने मला सांगितलं. मागच्या शरदात वाऱ्यात तिचं एक वल्हं मोडलं आणि होडी खडकाकडे वाहत चालली. तो आला, दोर फेकला, ओढत किनाऱ्याला नेलं. वाटभर दोघं एक शब्द बोलले नाहीत. धक्क्यावर तो म्हणाला, तौनो असता तर त्याने हा दोर धरला नसता. आई म्हणाली, मी तौनो नाही. एवढंच. मग या उन्हाळ्यात जाळी दोघांनी मिळून टाकली, त्याच खडकाजवळ. मासे भरपूर असतात तिथे. वाटून घ्यायला कुणी तयार नव्हतं म्हणून भांडणं व्हायची, असं आई म्हणते.

मग तिने विचारलं, "रेइनो काय म्हणेल?" मी काय म्हणेन हे तिने विचारलं नाही. तिला माझी भीती नाही. तुझी आहे. तू बाबांशी एवढं भांडून गेलास, तरी 'पलीकडच्या'बद्दल मात्र तू कायम बाबांच्या बाजूचा होतास. तिला वाटतं, हे कळलं तर तू आता फोनसुद्धा करणार नाहीस. मी म्हटलं, तो तसा नाही. दादा, मी हे तुला न विचारता बोलले. खरं ठरव.

सौना झाल्यावर आर्मासने एक साधी गोष्ट काढली. नोव्हेंबरात बर्फ धरायला लागला की काही आठवडे तळ्यावरून होडी जात नाही आणि माणूस चालूही शकत नाही. त्या दिवसांत जो ज्या किनाऱ्यावर असेल तिथेच राहतो. तेव्हा बर्फाच्या आत ठरवायला हवं, कोण कुठे. तो माझ्याकडे न बघता म्हणाला. आई कांदा चिरत होती, तिने सुरी थांबवली नाही. "इकडे ये," ती म्हणाली. "तुझ्या घरात सगळ्या बाजूंनी वारा शिरतो. कुत्र्यालाही आण. भांडी तू घासायचीस."

"तौनो घासायचा?"

"नाही. म्हणून तर सांगते."

आज सकाळी आम्ही सगळं उलटं केलं. दादा, तू इथे असायला हवा होतास. बांधलेलं घर एका दिवसात उलगडायला एवढी मजा येते हे मला माहीत नव्हतं. गाद्या तारेवरून खाली काढल्या, झापडं उतरवली, आर्मासने पंपात पाणी ओतून पंप पुन्हा जिवंत केला. धक्क्याच्या फळ्या परत पाण्यात. आई दारात उभी राहून हुकूम सोडत होती आणि आर्मास प्रत्येक हुकमाला "होय सरकार" म्हणून दुसरंच काही करत होता. दोन्ही छपरांवर राहिलेले दगड मीच खाली आणले. खाली उतरल्यावर आईने आधी शिडी काढून घेतली आणि कोठीत लपवून ठेवली.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. घर बंद केलेलं नाही. किल्ली द्यायची नाही. दुपारी मी आर्मासच्या घरून दंतवैद्यांना फोन करून तसं सांगितलं. तुला न विचारता. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की होडीसाठी घेतलेल्या इंजिनाचं आता काय करू. मी म्हटलं, दुसरं तळं बघा, या देशात तळ्यांना तोटा नाही. ते हसले, भला माणूस आहे. तुझ्या वाट्याची गोष्ट मी परस्पर मोडली, त्याबद्दल रागवायचं असेल तर माझ्यावर रागव. आईवर नको. आई या हिवाळ्यात इथेच राहणार आहे. गिरणीच्या चाळीतली खोली मी सांभाळीन. तू म्हणाला होतास ना, ती एकटी आहे म्हणून काळजी वाटते. ती आता एकटी नाही. तुझीच काळजी मिटली, असं धरायला काय हरकत आहे?

माझं वाचनघर मी सोडलेलं नाही. आर्मास म्हणतो, पुढच्या उन्हाळ्यात मुलं आली तर तो त्यांना ओंडक्यावर उभं राहून तरंगायला शिकवेल. मी म्हटलं, आधी पुस्तकं. तो म्हणाला, ओल्या पुस्तकांचं काय करणार.

आईने मघाशी स्वतः तुला लिहायला घेतलं होतं. 'प्रिय रेइनो' लिहिलं, बराच वेळ पेनकडे बघत बसली, मग पीठ मळायला उठली. तिने मला सांगितलं आहे की फक्त खुशाली कळव, बाकीचं हळूहळू. मला हळूहळू जमत नाही.

तू ये. रजा नसेल तर मागून घे. महिनाअखेरीपर्यंत आलास तर पाणी मोकळं असेल, होडीने येशील. डिसेंबरात आलास तर बर्फ पक्का झालेला असेल, चालत येशील. मधले ते आठवडे तेवढे टाळ. त्या दिवसांत एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर हाक स्पष्ट ऐकू येते आणि माणूस मात्र पोचू शकत नाही. आपल्या घरात तसे दिवस फार झाले.

दोन्ही किनाऱ्यांच्या वतीने,
तुझीच धाकटी,
हिल्का